पोहरा चांदीचा

विल्यम प्लेफेअरने 1786 साली स्तंभालेख छापला, 1801 साली पाय चार्ट. तेव्हापासून आकड्यांपेक्षा ते कशात पाहायचे, याचीच काळजी माणसाला जास्त.

आमच्या कचेरीत तीन महिने हाच खल चालला: आलेख काढायला सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे? टॅब्लो देखणे, पण खर्चिक. सेल्सफोर्सने 2019 मध्ये 15.7 अब्ज डॉलरना घेतलेली वस्तू फुकट कोण देईल? पॉवर बीआय परवडते, पण त्याचे डेस्कटॉप विंडोजवरच चालते आणि साहेबांकडे मॅक. लुकर स्टुडिओ फुकट; त्याची कथा मात्र न्यारी. गूगलच्या घरात लुकर ही सून आली आणि 2022 साली नाव बदलले ते घरच्या लेकीचे, म्हणजे डेटा स्टुडिओचे!

अखेर डॅशबोर्ड झळकला. मूळ नोंदींत ‘पुणे’, ‘पूणे’ आणि ‘पुणें’ अशी तीन शहरे होती. त्याने इमानेइतबारे तिघांना तीन रंग दिले. साहेब चिंतेत पडले, “हे पूणे एवढं मागे का?”

आडात गाळ, पोहरा चांदीचा.

बैठक संपता संपता साहेब म्हणाले, “छान आहे. आता हेच जरा एक्सेलमध्ये पाठवा. आणि हो, प्रिंट काढून.”