मोजे छान, पण झोपेचं काय?

हवाई वाहतूक नियंत्रकाला भेट काय द्यावी, हा अमेरिकी बाजारातला जुना प्रश्न आहे आणि त्याचं एक ठरलेलं उत्तर म्हणजे मोजे. घोट्यावर चिमुकली विमानं, कंट्रोल टॉवर, नाहीतर रडारचं हिरवं वर्तुळ. तळव्यावर छापलेलं असतं : हे वाचता येत असेल तर मला कॉफी आणून द्या. माझं मोज्यांशी भांडण नाही. या वाक्याशी आहे. ज्याच्या शब्दावर शेकडो जीव उतरतात, त्याच्या डोळ्यांवरची झोप हा छापून विकायचा विषय नाही.

२३ मार्च २०११ आठवा. मध्यरात्र उलटून गेली होती. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर दोन प्रवासी विमानं टॉवरशी एक शब्दही न बोलता उतरली. वैमानिक हाका मारत राहिले, टॉवर गप्प. वर एकच नियंत्रक होता आणि त्याला झोप लागली होती. ती त्याची सलग चौथी रात्रपाळी. देशाच्या राजधानीत, राष्ट्राध्यक्षांच्या घरापासून काही मैलांवर, रात्रीच्या आकाशाला एकच माणूस पुरेल असं कुणीतरी कागदावर ठरवलं होतं. ओरड झाली तेव्हा रात्री एकट्यावर चालणाऱ्या २७ टॉवरना दुसरा माणूस मिळाला. दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आठ तासांवरून नऊ तासांवर गेली. ती दहा तास करायचा आणि रात्रपाळीच्या आधी बारा तास द्यायचा निर्णय व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. एका तासासाठी तेरा वर्षं! त्यातही घरी जाणं, जेवण, आंघोळ आणि परत येणं याच तासांतून वजा होतं.

तिथे एक रोस्टर चालत आलंय. आधी संध्याकाळच्या पाळ्या, मग सकाळच्या, शेवटी रात्रीची : चार दिवसांत पाच पाळ्या उरकायच्या. नियंत्रक त्याला 'रॅटलर' म्हणतात, म्हणजे उलटून चावणारा खुळखुळ्या साप. पुढे सलग सुट्टी मिळते म्हणून कित्येकांना तो हवाही असतो, हे मान्य. पण थकलेल्या माणसाने स्वतःच्या थकव्याचा सौदा केला, म्हणून वर विमानात बसलेल्यांचा धोका कमी होत नाही. हा निर्णय त्याच्यावर सोडणंच चूक आहे.

भेट कशी असावी हे कॅनडाच्या नियंत्रकांनी दाखवलं. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस बंद पडलं. नियंत्रकांचा पगार थांबला, ड्युटी मात्र चुकवायची सोय नव्हती. जानेवारीत एडमंटनच्या नियंत्रकांनी अलास्कातल्या अँकरेजच्या सहकाऱ्यांना पिझ्झे पाठवले. मग कॅनडाभरच्या केंद्रांनी तेच केलं. एडमंटन आणि अँकरेज यांची आकाशं एकमेकांना लागून आहेत. ही माणसं रोज एकमेकांच्या हाती विमानं सोपवतात, चेहरे न बघता फक्त आवाज ओळखतात. पगार नसलेल्या पाळीत माणसाला काय लागतं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्या एकीवरूनच तासाला चाळीसहून जास्त विमानं चढवा-उतरवायची. त्याच आकाशात आता नवी मुंबईची विमानंही आली. पुण्याच्या लोहगावला विमानांचं नियंत्रण हवाई दल सांभाळतं, गोव्याच्या दाबोळीला नौदल. प्रवाशाला याचा पत्ताही नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने हवाई सुरक्षेवरच्या अहवालात नियंत्रकांची टंचाई आणि थकवा यांवर बोट ठेवलं. ड्युटीच्या तासांना घातलेल्या मर्यादेतून सूट घेतली जाते, हेही त्यात आलं. मर्यादा घालायची आणि माणसं कमी पडली की तीच सैल करायची. याला सुरक्षा म्हणत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पोचवणारी यंत्रणा बंद पडली, आठशेहून जास्त उड्डाणं रखडली आणि नियंत्रकांनी उड्डाणांचे आराखडे हाताने हाताळत काम चालू ठेवलं. यंत्र बसलं की भार माणसावर येतो. तो माणूस त्या दिवशी झोप झालेला असावा, एवढी तजवीज करणं सरकारच्या हातात आहे.

विमानतळ बांधला की फीत कापता येते. नियंत्रक घडायला प्रशिक्षण, परवाना, मग त्या-त्या जागेची वेगळी पात्रता लागते. त्यात वर्षं जातात आणि फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. म्हणून भरती मागे पडते. नव्या टर्मिनलच्या प्रत्येक घोषणेसोबत तिथे किती नियंत्रक लागतील आणि ते कधी तयार होतील, हा आकडा जाहीर करायला सरकारला भाग पाडलं पाहिजे. खासदारांनी हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारावा.

आणि मोजे द्यायचेच असतील तर जरूर द्या, पण साधे, जाड, लोकरीचे. यंत्रांसाठी रडारच्या खोल्या थंड ठेवतात, पायांना ऊब लागते. २० ऑक्टोबर हा नियंत्रकांचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९६१ साली त्याच तारखेला त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. त्या दिवशी एखादा फोन करून आभार माना. तुमच्या इमारतीत कुणी नियंत्रक राहत असेल, तर तो नाइट करून आल्यावर दुपारपर्यंत त्याच्या दाराची बेल वाजवू नका, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग संध्याकाळी करा, आणि वॉचमनलाही तसं सांगून ठेवा.