कायमचा आलाय का सुट्टीवर?

"वैनी, ऐकलं का वो? समोरच्या काकूंचा थोरला अमेरिकेहून आलाय म्हणं."

सोयाबीन काढून झालं की आमच्या अहमदपुरात बायकांना जरा उसंत मिळते. भिंतीपलीकडून अक्कांचं डोकं वर आलं की समजावं, बातमी ताजी आहे. मी तारेवर कपडे वाळत घालत होते.

"आलाय की. परवा पहाटे गाडी आली हैदराबादच्या विमानतळावरनं."

"सहा बॅगा हुत्या. मोजल्या मी. सुट्टीवर येणाऱ्याला कशाला लागतेत सहा?"

"मग कायमचाच आला म्हणा."

"तेच तर! ट्रम्पनं व्हिसाला एक लाख डॉलर लावलेत म्हणून टीव्हीवर सांगायलेत. हाकलून दिलं आसंल."

"ते नव्या अर्जाला, अक्का, आणि भरायचे कंपनीनं. याचा व्हिसा जुना होता. याला हैदराबादला नोकरी लागली, म्हणून आला."

"अमेरिका सोडून हैदराबाद? मग मिळवलं काय?"

"तुमचे सासरे कशाला जायचे हैदराबादला?"

"कोर्टकचेरीला. निजामाचं राज होतं तवा."

"झालं तर मग! १९५६ पर्यंत आपली राजधानीच ती. आणि परत येणारा काही पहिला नाही हा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक घेऊन. तब्येतीनं साथ दिली नाही, ते वेगळं. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे तिकडं शिकून १९७० मध्ये जामखेडला आले. गावातल्या निरक्षर बायांना आरोग्याचं शिकवून तयार केलं. १९७९ ला मॅगसेसे मिळाला. त्यांना काय कुणी हाकललं होतं?"

"त्यांचं येगळं, ते डॉक्टर." अक्का हरायच्या नाहीत. "बरं, मला सांगा. काकूंच्या वावराला लागून दीड एकर इकायला निघालं हुतं दोन सालाखाली. पोरगं डॉलर कमवायलंय, तरी घेतलं न्हाई. पैसाच नसंल."

"पैसा होता, कायदा आडवा होता. परदेशात राहणाऱ्याला इथली शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आली तर चालते. आता तो कामासाठी परत आला, म्हणजे इथला रहिवासी झाला. पासपोर्ट आपलाच ठेवलाय, सातबाऱ्यावर नाव आहे. आता घेऊ शकतो."

"तुम्हाला बरं माहीत!"

"बँकेत तीस वर्षं काढली की हो. परदेशात असतानाचं एनआरई खातंसुद्धा त्याला आता साधं करून घ्यावं लागेल."

अक्कांनी हातातलं सूप भिंतीवर टेकवलं. म्हणजे आता मुक्काम लांबणार.

"आन् नात? सात वर्षांची हाय म्हणं. मराठी बोलती, पर 'ळ' येईना तिला."

"येईल. तिची अडचण निराळी आहे. जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकेचा. आपल्याकडं दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही. म्हणून तिचं ओसीआय कार्ड काढलंय गेल्या वर्षी."

"म्हंजे रेशनकार्डावानी?"

"रेशन नाही मिळत त्यावर! हवं तेव्हा यावं, हवं तितकं राहावं, शाळेत जावं. पण मतदान नाही. आजीचं वावर वारशानं मिळेल, शेजारचा गुंठाभरही विकत घेता यायचा नाही."

"मोठी झाल्यावर लातूरला नीटला घालावं म्हणलं तर?"

"परीक्षा देईल. पण २०२१ च्या मार्चनंतर कार्ड काढलेल्यांना प्रवेश एनआरआयच्या नाहीतर जादा ठेवलेल्या जागांवरच. लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं रात्रंदिवस घासलं तरी आपल्या पोरांच्या रांगेत तिला उभं राहता येत नाही."

अक्का गप्प झाल्या. अशा त्या क्वचितच होतात.

"म्हंजे बाप कुणाला न इचारता घरी आला, आन् लेकीला आपल्याच घरात कार्ड लागायलंय."

"तसंच आहे."

"आमच्या भाच्याचं पोरगं कॅनडात हाय. तिकडचा पासपोर्ट घ्यायलंय म्हणून पेढे वाटले त्यांनी. मी पण खाल्ले की वो!"

"घेऊ दे ना. त्याच्या कामाला तेच सोयीचं असेल."

"घेऊ दे. पर कुणी सांगितलं तरी का त्याला?" अक्कांनी सूप उचललं. "रात्री फोन लावते. पासपोर्ट बदलायच्या आधी एकदा सातबारा बघ म्हणावं."