पंधरवड्यात आटलेला विनोद

13 मार्च 1995 रोजी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसं हसायला जमली. बोलावणं होतं डॉ. मदन कटारिया यांचं. पहिला हास्यक्लब तो हाच. रीत साधी होती. गोल करून उभं राहायचं, एकानं मधे येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. माणसं वाढत गेली, पण दोन आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा संपला. मग पुढे आले बोचरे आणि चावट विनोद. काहींना ते खटकले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. हात वर करायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि कारणाशिवाय हसायचं. ही रीत पुढे जगभर गेली. आपल्याकडेही गावोगावच्या बागांत सकाळी सहाला ‘हा हा हो हो’ ऐकू येतं.

या क्लबांबद्दल मला आदर आहे. सेवानिवृत्त माणसाला सकाळी घराबाहेर काढणं, चार ओळखी करून देणं, एक दिवस दिसला नाही तर फोन करून विचारणं, हे काम आपल्या नगरपालिकांनी केलेलं नाही, या क्लबांनी केलं. मला छळतो तो पहिला पंधरवडा. मुंबईच्या बागेत, सकाळच्या वेळी, विनोद संपले? तिथे एक गृहस्थ पाठमोरे चालत असतात आणि दोन बाकं सोडून तिसऱ्याला धडकतात. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीखालीच एक बाई देवासाठी जास्वंदी खुडून पिशवीत भरत असतात, आणि माळी जवळ आला की त्यालाच एक फूल देतात. तिघे जण मधुमेहावर बोलता बोलता जिलबीच्या दुकानाचा पत्ता एकमेकांना समजावून सांगत असतात. हे सगळं त्या गोलाच्या बाहेर दहा पावलांवर चालू असतं. गोलात उभ्या असलेल्यांची पाठ नेमकी त्याच बाजूला होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुतूहल आधी येतं, हसू त्याच्या मागून. उलट्या क्रमानं गेलं की पंधरा दिवसांत विहीर आटते.

आपल्या फोनवर रोज काय येतं ते बघा. बायको माहेरी गेली, नवरा नाचला. बायको खरेदीला गेली, नवरा रडला. हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात एका तरी बाईकडे नीट पाहिलं असतं, तर त्याला असलं काही लिहायची गरजच पडली नसती. दुपारी चार वाजता डोळा लागतो न लागतो तोच दाराची बेल वाजल्यावर बाई उठते, चेहरा पुसते, आणि दार उघडेपर्यंत तिचा आवाज बदलतो. त्या चार पावलांत एक अख्खा अंक आहे. तो पाहायचा नाही आणि कुणीतरी कुठूनतरी उचललेला मजकूर तीनशे लोकांना ढकलायचा, याला विनोदबुद्धी म्हणायला मी तयार नाही.

मराठीत हसवणाऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिच्यात एक गोष्ट ठळक दिसते. ही माणसं विनोदाच्या मागे लागलेली नव्हती, ती भलत्याच गोष्टींच्या मागे लागलेली होती. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व्यवसायानं वकील होते, आणि ज्योतिर्गणितावर त्यांनी ग्रंथ लिहिला. ग्रहांची गती मोजणारा माणूस घरात चाललेले सणवार आणि विधी बघतो, तेव्हा त्याला साहजिकच प्रश्न पडतो की हे असं का. तो प्रश्न सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्यांच्या तोंडी गेला आणि महाराष्ट्र हसला.

चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत. बुद्धाच्या काळची भाषा शिकवणारा हा प्राध्यापक घरी येऊन चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहीत होता. लग्न जमवणं, बिऱ्हाड शोधणं, पाहुणे टिकून राहणं, यापलीकडे त्यांनी विषय फारसे शोधलेच नाहीत. त्यावर 1940 साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला, आणि चार दशकांनीही दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तीच जोडी पुन्हा घराघरांत नेली. मला खात्री वाटते की पालीतल्या जातककथांनी चिं. विं.ची नजर घडवली असणार. तिथे माकड, ससा, मगर, कोल्हा सगळे आपापल्या अडचणीत असतात आणि प्रत्येकाची अडचण कथेला तितकीच महत्त्वाची वाटते. चिमणरावाची फजिती होते तेव्हा त्याला कुणी तुच्छ लेखत नाही, ते याचमुळे.

आणि पु. ल. देशपांडे. ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली पुस्तकरूपात आली, मग एकपात्री प्रयोगांनी नाट्यगृहं भरून गेली. इतकं यश पदरात पडलेला माणूस पन्नाशीत काय करतो? बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहतो. पु. लं.ची वाक्यं पाठ म्हणून दाखवणारे मला प्रत्येक लग्नात भेटतात. पन्नाशीत नवी लिपी गिरवायला बसलेला एकही त्यांच्यात अजून भेटलेला नाही.

पण या सगळ्यांच्या आधी मी नाव घेईन लक्ष्मीबाई टिळकांचं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. आणि सांगायला हाती काय होतं? बापाचं अतोनात सोवळं. जवळच्या आप्ताला 1857 नंतर फाशी झाली, त्या धसक्यानं वडिलांचं मन असं फिरलं की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची. मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरतं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. त्या घरात आई रडली असणार आणि मुलंही. लक्ष्मीबाई ते सांगतात तेव्हा आपण हसतो, आणि हसताना बापाचा राग येत नाही, त्याची कीव येते. हे मला फार मोठं वाटतं. ज्याचा जाच सोसला त्याच्याकडे इतक्या स्वच्छ नजरेनं बघायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. लागते ती फक्त एक चौकशी: हा माणूस असा का झाला?

पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर यापेक्षा मोठं संकट येणं कठीण. काही वर्षं ती लहान मुलाला घेऊन वेगळी राहिली, पंढरपुरात नातेवाइकांकडे दिवस काढले, मग नवऱ्याकडे परतली, तेही स्वतःचं सोवळं आणि वेगळं पाणी सांभाळूनच. आणि मग तिनं स्वतःलाच प्रश्न घातला की जात देवानं केली की माणसानं. ना कुणी प्रवचन दिलं, ना कुणी सक्ती केली. आजूबाजूला रोज दिसणाऱ्या गोष्टी तिनं तपासल्या, उत्तर स्वतः काढलं आणि त्याप्रमाणे वागायला लागली. ज्या नजरेला बापाचं मीठ धुणं दिसलं, त्याच नजरेला आपलं वेगळं पाणी दिसलं. हसणं आणि विचार करणं या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं मानणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा काढून वाचावं. विकत घ्यावं. घरातल्या मोठ्या मुलीच्या हातात द्यावं.

आता टीव्हीवरच्या विनोदालाही एक ठोसा द्यायलाच हवा. पुरुषाला साडी नेसवली, आवाज पातळ केला, कमरेला झटका दिला, की विनोद झाला अशी समजूत घट्ट बसली आहे. मग जाड माणूस, काळी मुलगी, ‘ण’ला ‘न’ म्हणणारा खेडूत, तोतरा नोकर. तमाशाच्या गौळणीतही पुरुषच मावशी होतो. पण ती मावशी मथुरेच्या वाटेवर थेट कृष्णाला अडवून सवाल करते. वाट तुझ्या बापाची आहे का, असा तिचा रोख असतो. प्रेक्षक हसतो तो देवाची झालेली कोंडी बघून, साडीला नव्हे. सोंग तेच, पण एकात सवाल आहे आणि दुसऱ्यात नुसती साडी. वाहिन्यांच्या लेखकांनी एक रात्र फडावर बसून काढावी.

ज्यांना वाटतं आपल्या आयुष्यात बघण्यासारखं काही नाही, त्यांनी स्वयंपाकघरात जावं. आपल्याकडे डाळीला तीन शिट्ट्या की चार, यावरून सासू-सुनांत अबोला होतो. शिटी हे वेळ मोजायचं साधनच नाही. कुकरमधला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादा वाफ बाहेर टाकायची ती सोय. त्या दाबाखाली पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापतं म्हणून डाळ लवकर शिजते, आणि आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात. म्हणजे सासूच्या मोठ्या शेगडीवरच्या चार आणि सुनेच्या बारीक आचेवरच्या तीन, दोन्ही बरोबर असू शकतात! महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,370 मीटर उंच आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी 95-96 अंशांलाच उकळायला लागतं, म्हणून सहलीत पातेल्यात टाकलेला भात शिजायला वेळ लावतो. दोष तांदळाला दिला जातो आणि वाण्याला शिव्या.

रस्त्यावरही तेच. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर आहात, हिरवा असेल तर राज्य महामार्गावर, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्त्यावर. रेल्वेगाडीच्या शेवटच्या डब्यावरची ती मोठी फुली म्हणजे पुढच्या स्टेशनवरच्या माणसाला दिलेली खात्री, की गाडी पूर्ण आली, मधे डबा सुटून राहिला नाही. वर्षानुवर्षं त्याच वाटेनं जाणाऱ्या माणसांनी हे एकदाही कुणाला विचारलेलं नसतं. कंटाळा येतो म्हणतात. येणारच!

लहान मूल मात्र विचारतं. आणि आपण म्हणतो, गप्प बस, किती बडबडतोस. मग तेच मूल शाळेत जातं आणि 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी कुतूहलाचं महत्त्व या विषयावर पाठ केलेलं भाषण म्हणतं. मधेच एखादं वाक्य विसरतं, बाई खालून पुरवतात, टाळ्या पडतात. ज्या कार्यक्रमात प्रश्न विचारायची सोय नाही त्याला विज्ञान दिन म्हणताना मुख्याध्यापकांना काहीच कसं वाटत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

माझी सूचना साधी आहे. त्या दिवशी गावातल्या एका आजीला शाळेत बोलवा. परात, ज्वारीचं पीठ, गरम पाणी, तवा आणि शेगडी एवढं तिच्यापुढे ठेवा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तरी ती त्या पिठाची ताटाएवढी गोल भाकरी थापते आणि उचलताना ती तुटत नाही, कारण गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून पीठ एकमेकाला धरतं. तव्यावर टाकल्यावर ती वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवते, म्हणून पृष्ठभाग लगेच वाळून तडकत नाही. मग आतलं पाणी वाफ होतं आणि पापुद्रा उचलतं. हे ती पन्नास वर्षं करत आली आहे आणि तिला ‘का’ असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मुलांनी विचारावं. तिला येईल ते उत्तर ती देईल, आणि ते पाठ्यपुस्तकापेक्षा नक्कीच खुमासदार असेल. नंतर विज्ञानाच्या सरांनी पुढे यावं.

एखाद्या मुलालाही थापू द्यावी. त्याची भाकरी फाटेल, तिचा नकाशा होईल, वर्ग हसेल, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेल की आजीची का नाही फाटली. त्या प्रश्नापासून तास सुरू करावा, आणि भाषणाचा कागद शेगडी पेटवायला वापरावा.