सर्वानुमते मृत

गृहनिर्माण संस्थेचा लॅपटॉप एकट्याने बंद पडत नाही. त्याच्या पोटात टॅलीचे हिशेब असतात, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी असते, सिंकिंग फंडाचे आकडे असतात आणि मागच्या सेक्रेटरींनी कुणाला न सांगता ठेवलेला ‘नवीन फोल्डर (४)’ असतो. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या संस्थेच्या लॅपटॉपने २०२५च्या भाद्रपदात असहकार पुकारला. बटण दाबलं की दिवा लागायचा, कंपनीचं चिन्ह यायचं, त्याखाली ठिपके गोल फिरू लागायचे आणि मग अचानक सगळं काळं. निळा पडदा नाही, इशारा नाही, निरोपाचे दोन शब्द नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आणि नोटिशीबरोबर जोडायचा ताळेबंद फिरणाऱ्या ठिपक्यांच्या पलीकडे होता.

तातडीची कमिटी मीटिंग तातडीने पुढच्या रविवारी झाली. चेअरमननी विचारलं, “नेमकं काय होतं?” सेक्रेटरी म्हणाले, “लगेच बंद पडतो.” एवढ्यावर रोगाची चौकशी संपली आणि उपचारांना सुरुवात झाली. लगेच म्हणजे किती वेळाने, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सारखाच वेळ लागतो का, असले फालतू प्रश्न विचारून सभेचा वेळ घालवणारा आमच्यात कुणी नव्हता.

पहिलं मत अर्थात फॉरमॅटचं. “फॉरमॅट मारा, सगळं ठीक होतं.” हे मत ए विंगमधून आलं. ए विंगमध्ये कुठल्याही दुखण्यावर हेच सांगतात. लिफ्ट अडकली तेव्हाही असंच काहीसं सुचवण्यात आलं होतं. दुसरं मत व्हायरसचं. तिसरं मत रॅम काढून खोडरबराने पुसण्याचं. हा उपाय खरा आहे, रॅमचे सोनेरी संपर्क काळवंडले की कामी येतो. पण रॅम रुसली की यंत्र बहुधा सुरुवातीलाच हटून बसतं, शिट्ट्या मारतं, पडदा दाखवतच नाही. आपलं नाव सांगून, ठिपके फिरवून मग जात नाही. तरी रॅम पुसली गेली. कारण खोडरबर उपलब्ध होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले काका मल्टिमीटर घेऊन आले. ॲडॅप्टरवर १९ व्होल्ट छापलं होतं, मीटरनेही १९ दाखवले. मग बॅटरी काढून नुसत्या ॲडॅप्टरवर चालवून पाहिलं; तरी तेच. म्हणजे ॲडॅप्टर निर्दोष, बॅटरी निर्दोष. तपासाची ही दोन पावलं इतकी चोख होती की तिसरं पाऊल टाकलं असतं तर काम झालं असतं. पण काकांनी तिसरं पाऊल मीटर रूमकडे टाकलं. दोन दिवसांनी त्यांचा अहवाल आला तो संपूर्ण इमारतीचं अर्थिंग आणि वायरिंग बदलण्याचा, अंदाजपत्रकासह. बॅटरी निर्दोष सुटल्याची नोंद मात्र कुणीच केली नाही, त्यामुळे नंतर आलेल्या प्रत्येक जाणकाराने सुरुवात बॅटरीपासूनच केली.

खजिनदार काकूंचे जावई सॅन होजेला असतात. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा पुसत दहा मिनिटं क्लाउडचं महत्त्व सांगितलं. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी कुठेतरी वाचलं होतं की यंत्र तासभर फ्रिजमध्ये ठेवावं. ठेवलं. बाहेर काढल्यावर त्याला दव फुटलं आणि ते पुसून वाळवण्यात एक दुपार गेली. एका अधिकृत सेवा केंद्राला फोन केला, तर तिथल्या मुलीने लॅपटॉपचं वय विचारलं आणि तोंडही न बघता सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय सर. २४ हजार होतील.” इतक्या लांबून निदान करणारा माणूस पूर्वी नाडीपट्टीच्या केंद्रात बसायचा.

सी विंगमध्ये डिप्लोमा करणारी एक मुलगी आहे. तिने सुरू होतानाच एफ२ दाबून लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर नेला आणि तसाच सोडून दिला. विंडोज सुरूच झालेलं नाही, आणि तरीही थोड्या वेळाने तो विझला. “काका, मग यात विंडोजचा काय दोष?” ती म्हणाली. इतिवृत्तात नोंद अशी : ‘सदस्यांच्या कन्येने सूचना मांडली. सूचनेचे स्वागत करण्यात आले.’ त्यानंतर ए विंगचे लोक पेनड्राइव्ह घेऊन फॉरमॅट मारायला बसले. सुदैवाने पेनड्राइव्हवरचं विंडोजसुद्धा वाटेतच विझलं, म्हणून संस्थेचे आठ वर्षांचे हिशेब शाबूत राहिले.

या सगळ्यात एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. भल्या पहाटे लॅपटॉप बराच टिकायचा. एकदा तर डेस्कटॉपपर्यंत पोचला. त्याचा अर्थ असा लावण्यात आला की त्याला सकाळ लाभते. खजिनदार काकूंनी त्या शुभवेळेचा फायदा घेऊन ताळेबंद काढायला हवा होता, पण ए विंगचे एक सदस्य आधी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून बसले. विंडोजमधली ही नोंदवही. तीत लाल खुणेसह ओळीने एकच नोंद : कर्नेल-पॉवर, क्रमांक ४१. तिचा आशय असा की यंत्रणा आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली आहे. ती प्रतिसाद देईनाशी झाली असेल, किंवा कोसळली असेल, किंवा वीज अनपेक्षितपणे गेली असेल. चेअरमन आयुष्यभर मंत्रालयात होते. त्यांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत संगणकाबद्दल आदर दिसला. घटना घडली हे मान्य, कारण तीनपैकी कुठलंही, जबाबदार कुणी नाही. असा अहवाल लिहायला त्यांच्या खात्यात सहा महिने आणि एक समिती लागायची.

नोटीस काढायची वेळ आली तेव्हा ताळेबंद ऑडिटरकडच्या प्रतीवरून झेरॉक्स केला आणि विषयपत्रिकेवर नववा विषय घातला : ‘संस्थेचा बंद पडलेला लॅपटॉप निर्लेखित करणे व नवीन खरेदीस मंजुरी देणे.’ तीन दुकानांची दरपत्रकं मागवली. त्यातली दोन एकाच दुकानाच्या दोन लेटरहेडांवर होती, पण दरपत्रकं तीन भरली.

नव्याचा आग्रह धरणाऱ्यांकडे भक्कम मुद्दा होता. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, आणि विंडोज ११ या यंत्राला नियमाप्रमाणे चालत नाही. त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. याला एक छोटा इतिहास आहे. लॅपटॉप घेतला जून २०१७मध्ये. १ जुलैपासून जीएसटी लागणार म्हणून दुकानदार माल काढत होते आणि तेव्हाच्या कमिटीने घासाघीस करून ३८ हजारांत सौदा केला. त्या बचतीचं अभिनंदन करणारा ठराव दप्तरात आहे. आठव्या पिढीचे प्रोसेसर ऑगस्ट २०१७मध्ये आले.

नोटीस लागल्यानंतर, म्हणजे सगळं ठरून गेल्यावर, खजिनदार काकूंना स्वस्थ बसवेना. टॅलीतली थकबाकीदारांची यादी त्यांना हवी होती, आणि ती कुणाला नको होती हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, मला हमाल म्हणून बरोबर घेतलं, दादरला गाडी बदलली आणि आम्ही ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जगाच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. रेडिओच्या व्हॉल्व्हपासून मोबाइलच्या काचेपर्यंत मुंबईतलं कुठलंही विजेचं दुखणं इथे येऊन पडतं. एका जिन्याखाली टेबलाएवढ्या दुकानात बसलेल्या माणसाने लॅपटॉप हातात घेतला आणि विचारलं, “किती वेळ चालतो?”

“लगेच बंद पडतो.”

“लगेच म्हणजे किती?”

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि बटण दाबलं. त्रेचाळीस सेकंद. लगेच पुन्हा दाबलं. एकोणीस. मग त्याने लॅपटॉप बाजूला ठेवला, चहा मागवला, आणखी दोन गिऱ्हाइकं केली आणि थंड झालेलं यंत्र परत सुरू केलं. पुन्हा चाळिसाच्या घरात. “तापतोय,” तो म्हणाला. “बोर्ड गेला असता तर एवढं इमानानं वागला नसता.”

पाठीचे स्क्रू काढल्यावर जे दिसलं त्याने काकूंनी पदर नाकाला लावला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध आठ वर्षांची धूळ बसून जुन्या सतरंजीचा तुकडा झाला होता. पंखा फिरत होता, पण वारा बाहेर पडायला फट नव्हती. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीत जावी म्हणून दोघांच्या मध्ये जी पेस्ट लावतात, ती सुकून भुगा झाली होती. यंत्र सुरू होताना प्रोसेसरला बरंच राबावं लागतं. उष्णता निघायला वाट नसली की काही सेकंदांत तो शंभर अंशांकडे जातो, आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जळण्याआधी वीज तोडायला लावतो. म्हणजे आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो तो बिघाड नव्हताच. स्वतःचं तापमान मोजून वेळेवर गप्प होणारा आमच्या संस्थेतला तो एकमेव सभासद होता.

पंख्याच्या पात्याशी एक लाल दाणा अडकला होता. माणसाने चिमट्याने तो काढून काकूंच्या तळहातावर ठेवला. तांदूळ. खंडेनवमीला आमच्या ऑफिसात लॅपटॉपची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं साग्रसंगीत आणि थेट जाळीवर. त्याने हसून विचारलं, “देवाने प्रसाद परत पाठवला वाटतं?” काकू हसल्या नाहीत. त्या पूजेचं तबक त्यांच्याच घरून येतं.

धूळ काढली, नवी पेस्ट लावली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला. साडेसहाशे रुपये. लॅपटॉप सुरू झाला, सुरूच राहिला आणि गाडीत डोंबिवलीपर्यंत काकूंनी थकबाकीदारांची यादी मोठ्याने वाचली.

खरी अडचण पुढे आली. साडेसहाशेचं पक्कं बिल नव्हतं. त्यातून सेक्रेटरींनी कॅल्क्युलेटर काढला. आयकराच्या दराने संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरला तर ३८ हजारांची वस्तू आठ वर्षांत ६३८ रुपयांवर येते. “म्हणजे वस्तूच्या किमतीपेक्षा दुरुस्तीवर बारा रुपये जास्त खर्च केलेत, काकू. ऑडिटर विचारेल.” यावर २४ हजारांचा मदरबोर्ड ज्यांनी शांतपणे ऐकून घेतला होता ते सगळे गंभीर झाले. शेवटी काकूंनी हातखर्चाचं व्हाउचर केलं आणि पुरावा म्हणून तो लाल दाणा चिकटपट्टीने त्यावर चिकटवला. लोक हसले, पण याला थोर आधार आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ते पान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आमचं व्हाउचर ऑडिटरने हरकतीत घेतलं आहे.

सभा रविवारी, २८ सप्टेंबरला झाली. गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन तेवढ्याच लोकांत पुन्हा सुरू झाली. नववा विषय येताच सी विंगच्या त्या मुलीचे वडील म्हणाले, “पण तो तर चालू आहे ना? समोर टेबलावर चालू आहे.” चेअरमननी विषयपत्रिका वर धरली. “नोटिशीत ‘बंद पडलेला’ असं आहे. सभेला नोटिशीतल्या विषयावरच निर्णय घेता येतो. तो चालू आहे हा वेगळा विषय झाला, आयत्या वेळच्या विषयांत घ्या.” सूचक ए विंग, अनुमोदक ए विंग. ठराव सर्वानुमते मंजूर. आयत्या वेळच्या विषयांत पार्किंग निघालं आणि साडेनऊला वडे आले.

इतिवृत्त सेक्रेटरींनी त्याच लॅपटॉपवर टाइप केलं, कारण नवा यायचा तर आधी ठरावाची प्रत बँकेत द्यावी लागते. टॅलीची आठ वर्षं नव्या यंत्रात हलेपर्यंत निर्लेखित लॅपटॉपला तीन महिने मुदतवाढ मिळाली आहे; नंतर तो ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यायचा, भंगारवाल्याला नाही, हेही ठरलं. त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. कमिटीने फलकावर सूचना लावली की यंदा लॅपटॉपवर फक्त फूल वाहावं, तेही झाकण मिटून. अक्षता वाहू नयेत. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या आजोबांचा लेखी आक्षेप आला. सभेने सर्वानुमते मृत घोषित केलेल्याची पूजा करता येते काय, अशी त्यांची विचारणा आहे. पत्रावर आवक क्रमांक घातला असून, उपविधींत तरतूद सापडत नसल्याने ते सल्ल्यासाठी वकिलांकडे पाठवलं आहे.