घरबसल्या बोहारीण

मराठी माणूस धंद्यात मागे का, यावरची भाषणं ऐकून आमचे कान किटले आहेत. भांडवल नाही, धाडस नाही, गिऱ्हाइकाशी गोड बोलवत नाही आणि दुपारी एक ते चार डोळा उघडत नाही, ही नेहमीची चार कारणं. पण आता असा एक धंदा निघाला आहे की त्याला यातलं काहीच लागत नाही. कपाटातले जुने कपडे काढायचे, फोटो काढायचे, इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि झोपायचं. जाग येईपर्यंत पैसे खात्यात. मोबाइलवर दर तिसरा व्हिडिओ हेच सांगतो. सांगणारा तुकतुकीत तरुण असतो, त्याच्या पाठीमागे भिंतीवर जांभळा दिवा असतो, आणि या धंद्याला 'झीरो एफर्ट' लागतात हे तो इतक्या तळमळीने, इतके हातवारे करून सांगतो की त्याच्या कपाळावरचा घाम आपल्याला दिसतो. शेवटी तो स्वतःचा कोर्स विकतो. कपडे तो विकत नाही. त्या अर्थाने त्याचं म्हणणं खरंच असतं.

डोंबिवलीतल्या आमच्या भाच्याने ही दीक्षा घेतली. इंजिनिअर झाल्यापासून तो ज्या कॉलची वाट पाहत होता तो आला नव्हता, म्हणून मधल्या वेळात उद्योगपती व्हायचं ठरलं. डीपॉप नावाचं जुन्या कपड्यांचं अ‍ॅप 2021 साली एत्सी कंपनीने 162.5 कोटी डॉलर मोजून घेतलं, हे त्याने आम्हाला साबुदाण्याच्या खिचडीवर सांगितलं. आकडा खरा आहे. पॉशमार्क ही अमेरिकी कंपनी त्याच वर्षी भारतात आली आणि 2023 संपायच्या आत तिने इथला गाशा गुंडाळायला घेतला, हेही तितकंच खरं आहे. पण जांभळ्या दिव्याच्या उजेडात एवढं दिसत नाही.

पहिली अडचण आली ती मालाची. या धंद्याचा शोध ज्या देशांत लागला तिथे लोक कपडा चार वेळा घालतात आणि कंटाळतात. मराठी घरात जुना कपडा नावाची वस्तूच नसते. ऑफिसला घालवेनासा झालेला शर्ट भाजी आणायला लागतो. तिथून त्याची बदली 'गावाला घालायला' या खात्यात होते आणि तिथून 'रंगपंचमीसाठी' या राखीव दलात. रंगपंचमी उजाडली की एखादी मावशी तो उलटसुलट करून बघते, 'एवढा काही वाईट नाही गं' म्हणते, आणि त्याला जीवदान मिळून दुसराच शर्ट रंगात जातो. पुढे बाह्या कापून घरात, मग स्कूटर पुसायला, मग ओट्यावर, आणि सरतेशेवटी मोरीच्या दारात पायपुसणं होऊन तो आणखी सहा वर्षं सेवा करतो. साड्यांचं तर विचारूच नका. मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळाला दुपटी होतात, उरलेलं गोधडीत जातं. रेशमी असेल तर काठ उसवून नातीला परकर-पोलकं. जर खरी असेल तर ती विकत घेऊन, जाळून, त्यातली चांदी काढणारे लोक होतेच. अशा घरातून विकाऊ माल बाहेर काढायचा म्हणजे जवळजवळ दरोडाच.

भाच्याने तोही घातला. वडिलांचा राखाडी सफारी सूट, आईचे लग्नानंतरच्या दिवाळसणातले दोन पंजाबी ड्रेस, आजोबांचं जाकीट आणि स्वतःचे कॉलेजच्या फेस्टचे सात टी-शर्ट. सफारीची किंमत ठेवली 1,299 रुपये. 'एटीज, ओरिजिनल, वन ओनर' असं वर्णन. तो वन ओनर अजून प्रत्येक लग्नाला तोच सूट घालतो, एवढं मात्र लिहायचं राहिलं. मेहुण्यांना ही बातमी मुंजीच्या आदल्या दिवशी कपाट उघडल्यावर लागली. त्यांनी केलेल्या भाषणाचा गोषवारा इथे छापण्याजोगा नाही. आयकर खातं माणसाच्या वापरातल्या कपड्यांना भांडवली मालमत्ता धरत नाही, दागिन्यांना धरतं, असं भाच्याने बापाला समजावून सांगितलं. मेहुणे चाळीस वर्षं बँकेत होते. त्यांनी आणखी एक भाषण केलं.

घरचा माल संपल्यावर बाहेरून 'सोर्सिंग' सुरू झालं. दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या ढिगाऱ्यातून उचललेला टॉप मोबाइलवर पोचेपर्यंत 'कोरियन' कसा होतो, हे भाच्याला त्या कोर्सात शिकवलं होतं. दिल्ली लांब पडली. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो म्हणून एका रविवारी तिथे जायचं ठरलं, पण सकाळी उठावं लागेल असं लक्षात आल्यावर तो बेत विनाश्रम धोरणात बसेना. मग ओळखीपाळखीच्या घरी फोन झाले. आमच्याकडेही झाला. आमच्या घरच्या कपाटाविषयी वर लिहिलंच आहे.

आता फोटो. फोटो म्हणजे काय, एक क्लिक, असं आपल्याला वाटतं. कपड्याला आधी धुवावं लागतं, कारण माळ्यावरच्या डांबराच्या गोळीचा वास फोटोत येत नसला तरी पार्सलात येतो. मग इस्त्री. मग तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, काखेतला पिवळा डाग. मग खिडकीतलं ऊन सकाळी नऊ ते दहा एवढंच येतं, त्या वेळात भिंतीला खिळा मारून हँगर टांगायचा, शेजारी मनी प्लांटची कुंडी ठेवायची आणि मागून कुकरची शिट्टी झाली की व्हिडिओ पुन्हा घ्यायचा. मग गादीवर कपडा पसरून मोजपट्टी लावायची: छाती किती, उंची किती, बाही किती. शिंप्याला एवढी मापं घ्यायचे पैसे मिळतात. भाच्याला मिळत नव्हते, पण मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस लागत होता. ते आई धरत होती.

तेही आटोपलं की गिऱ्हाईक येतं. फोटोखाली 349 असं ठळक लिहिलेलं असतं. पहिला प्रश्न 'प्राइस?' दुसरा प्रश्न 'लास्ट?' तिसरी बाई विचारते, यातच निळा आहे का आणि एक्स्ट्रा लार्ज आहे का. जगात एकच नग आहे, तो आजोबांच्या अंगावरून उतरला आहे, त्यात निळा कुठून आणायचा? एक ताई तीन रात्री घासाघीस करतात, 349 वरून 210 वर आणतात, कुरिअर तुमच्याकडेच असं कबूल करून घेतात आणि चौथ्या दिवशी 'ह्यांना विचारून सांगते' म्हणून अंतर्धान पावतात. भाचा रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात हे सगळे निरोप वाचताना दिसायचा. एकही कॉल सेंटर एवढ्या पगारात माणसाला एवढं जागवणार नाही.

कुरिअरचं गणित तर प्रत्येक होतकरू उद्योजकाने मुळातून समजून घ्यावं असं आहे. अर्ध्या किलोपर्यंत एक दर, त्यावर दुसरा. टी-शर्ट बापडा दोनशे ग्रॅमचा, तो निमूट जातो. जीन्स मात्र सहज सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि दुसऱ्या दरात जाऊन बसते. मग भाच्याला कल्पना सुचली की माल शोभेच्या खोक्यातून पाठवावा, आत सुकलेली फुलं आणि आभाराचं पत्र घालावं. खोकं मोठं झालं की कंपनी वजन सोडून आकार मोजते: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा पाच हजाराने भागायची. पत्राचं वजन काहीच नव्हतं, पण खोक्यातल्या हवेचं भाडं मात्र भरावं लागलं. त्यातून 'पैसे माल मिळाल्यावर' असा सौदा असेल तर दार उघडून माणूस म्हणतो, 'मला वाटलं नवीन असेल.' पार्सल परत. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलंच. आजोबांचं जाकीट अशा रीतीने नाशिक आणि कोल्हापूर पाहून आलं. आजोबा हयातीत कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते.

तरीही महिनाअखेरीस भाच्याच्या वहीत नफा निघाला. आम्ही चकित झालो. वही मागून घेतली. विक्री, कुरिअर, पाकिटं, चिकटपट्टी, जाहिरात, सगळं व्यवस्थित होतं. धुणं, रफू, इस्त्री, डागाला लिंबू-मीठ, पोस्टाच्या रांगेत उभं राहणं, यांतला एकही रकाना नव्हता. आम्ही विचारलं, तर भाचा म्हणाला, "मामा, ते आई करते. ती काय, घरीच असते." उत्पन्नाला श्रम पडले नाहीत हा त्याचा दावा आम्हाला तत्काळ पटला. त्याच्या बाजूने पाहिलं तर खरोखरच पडले नव्हते. जाहिरातीत 'घरबसल्या' म्हणतात तेव्हा घरात एक जण बसलेला आणि दुसरं कुणीतरी उभं असतं.

हा धंदा नवा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दारावर येणारी बोहारीण आठवावी. डोक्यावर पातेल्यांची पाटी, काखेत गाठोडं. मुंबईत बहुतेक जणी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. साडी हातात आली की ती उजेडाकडे धरायची, दोन्ही मुठींत ताणून बघायची. शर्टाची कॉलर, पँटची बसायची जागा. एका नजरेत दर्जा ठरला. मोजपट्टी नाही, मनी प्लांट नाही. समोर आमच्या मातोश्रींसारख्या कसलेल्या गृहिणी, चांगली साडी पदराआड दडवून ठेवायच्या आणि डब्याला झाकण मिळेना झालं की हळूच बाहेर काढायच्या. त्यावर तिकडून 'अजून एक शर्ट टाका ना ताई'. या वाटाघाटी कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवाव्यात अशा होत्या. सौदा एकदा झाला की माल परत नाही, पातेलंही परत नाही.

आणि तिचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. गोळा झालेलं धुवायचं, सांधायचं, घडी करायची आणि भल्या पहाटे बाजारात नेऊन बसायचं. दिल्लीत रघुबीर नगरात असा बाजार उजाडायच्या आत भरतो. लुसी नॉरिस नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या भांडीवाल्यांचा मागोवा घेऊन जुन्या भारतीय कपड्यांवर एक आख्खं पुस्तकच लिहिलं, ते 2010 साली आलं. बाजारात कुणी नुसत्या जीन्स उचलतो, कुणी लहान मुलांचे कपडे, कुणी रेशीम. उरल्यासुरल्या सुती चिंध्या कारखान्यांत आणि गॅरेजात यंत्रं पुसायला जातात. टेरिकॉटला तिथेही मान नाही, ते तेल पीत नाही. परदेशांतल्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचा कारभार याहून मोठा. ते कांडल्याला उतरतात, कुणी घालू नयेत म्हणून फाडले जातात आणि पानिपतला जाऊन त्यांचं सूत निघतं, सुताची घोंगडी होतात. मराठ्यांचं पानिपत एकदा झालं, साहेबाच्या स्वेटरांचं वर्षानुवर्षं चाललं आहे. या साऱ्या साखळीत कुणालाही, कुठल्याही टप्प्यावर, बसून पैसे मिळाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

तर भाच्याच्या पलंगाखालचा माल सरेना, तेव्हा बहिणीने परवा बोहारणीला वर बोलावलं. आम्ही चहाला होतो. तिने गाठोडं सोडलं, कॉलेजचे टी-शर्ट एका बाजूला सारले, सफारी उचलून अंगठ्याने चोळला आणि खाली ठेवला. "टेरिकॉट. गॅरेजवाला पण नाही घेत." मेहुण्यांनी तो तत्परतेने उचलून आत नेला.

भाच्याने मग तिला मोबाइल दाखवला. पातेल्यांवर मिळणारा कपडा इथे साडेतीनशेला जातो, हे ऐकून ती खरंच थबकली. तेवढ्यात त्याने भागीदारीचा प्रस्ताव टाकला. "मावशी, माल तुम्ही गोळा करायचा, धुवायचा, शिवायचा, इस्त्री करायची आणि कुरिअरला नेऊन द्यायचा. बाकीचं सगळं माझ्याकडे. निम्मे-निम्मे."

"बाकीचं म्हणजे?"

"म्हणजे... ब्रँडिंग."

बोहारणीने त्याच्याकडे कॉलर बघावी तसं नीट पाहून घेतलं. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, पोरगा तोंडाने चांगला आहे. माझ्याकडे पाठवा. पहाटे चारला गठ्ठे उचलायला एक माणूस पाहिजेच आहे. रोजचे रोज रोख देईन."

बहिणीचे डोळे चमकले. भाच्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "यात वर्क फ्रॉम होम बसेल का?"