मेटाबॉलिझमवर आळ

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात. एक चष्म्याचा वाढीव नंबर आणि दुसरं ‘हल्ली मेटाबॉलिझम स्लो झालाय’ हे वाक्य. आमच्याकडे ते तिसऱ्या पुरणपोळीवर तूप ओतताना म्हणायची रीत आहे. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर आमच्यातले काही जण चक्क हिरमुसतात.

त्यातल्या त्यात आमचा टेलर सभ्य. टेप कमरेभोवती फिरवतो, आकडा मोठ्याने न वाचता कानावरची पेन्सिल काढून वहीत टिपतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, “साहेब, शिलाईत दोन इंच माया ठेवलीय. पुढे लागेल.” भविष्यावर इतका विश्वास मी ज्योतिष्यातही पाहिलेला नाही.

पण २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापून आमची सोय पार घालवली. २९ देशांतली ६,४०० हून अधिक माणसं त्यांनी हिशेबात घेतली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत. काय खाल्लं ते विचारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत हे बरं, कारण आमच्यात ‘वाटीभर भात’ या मापाला काही धरबंद नाही. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजायचं आणि मग लघवी तपासायची, अशी ती पद्धत. हायड्रोजन पाण्यावाटेच जातो, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते कळतं. तोंड काहीही सांगो, लघवी थाप मारत नाही.

निष्पन्न काय झालं? आकारमानाचा हिशेब केला, तर वर्षाचं बाळ मोठ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त ऊर्जा जाळतं. मग विशीपर्यंत हा वेग उतरत जातो आणि विशी ते साठी जागचा हलत नाही! उतार लागतो तो साठीनंतर, तोही वर्षाला जेमतेम ०.७ टक्के. म्हणजे ज्याच्यावर आम्ही वीस वर्षं आळ घेतला तो बिचारा इमानेइतबारे कामावर होता.

पळवाट एकच उरते. हा हिशेब चरबी वगळून उरलेल्या शरीराचा, आणि त्यातले स्नायू वयाबरोबर, त्याहूनही बसून राहण्याने, गुपचूप झिजतात. वजनकाट्याला ते कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. डॉक्टर मला थोर वाटतात ते यासाठी की त्यांनी स्वतःची चरबी जाहीर केली. एरवी पुण्यात दुसऱ्याची जाहीर करतात.

तेव्हा मध-लिंबू आणि ग्रीन टी यांना हात जोडून स्नायू सांभाळणं आलं. प्रथिनं पचवतानाच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम तरी लागतात. हे ऐकल्यापासून घरात मटकीची उसळ आणि अंडी यांचं राज्य आहे. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे मात्र घरात उच्चारायची अजून माझी छाती झालेली नाही.

राहता राहिला व्यायाम. आई अठ्ठ्याहत्तरीत जमिनीवर मांडी घालून भाजी निवडते आणि कशालाही हात न टेकता उठते. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही निदान खुर्चीवरून तरी तसे उठा.” मी ईर्ष्येने थेट बैठकाच काढायला घेतल्या. पहिल्याच बैठकीला स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अगं, पापड कोण मोडतंय?”