जराकसंच देल्लं

नागपूरला व्याघ्र राजधानी म्हणतात. इथली माणसं वाघ बघायला पहाटे तीनला उठून ताडोबा नाहीतर पेंच गाठतात आणि सांबर बघून परत येतात. वाघाची मावशी बघायला मात्र जिप्सी लागत नाही. ती प्रतापनगरातल्या दिवाणावर पसरलेली असते. वय 11, वजन सहा किलो, आजवरची शिकार एक पाल, तीही अर्धवट. वजनाचा विषय काढलाच तर घरचे कौतुकानं सांगतात, "आमच्या मनीचं अंगच भरलेलं आहे हो."

अंग आपोआप भरत नाही. घरात मांजर एक आणि भरवणारे हात आठ. सकाळी आजीचं दूध. चहाच्या वेळी बाबांच्या बशीतलं मारी बिस्कीट. मुलीनं ऑनलाइन मागवलेल्या कोरड्या खाऊचं वाडगं चोवीस तास उघडं. रविवारी सावजीच्या रश्श्यातली फोड, पाण्यानं धुऊन, कारण मनीला तिखट सोसत नाही. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "जराकसंच देल्लं, बाप्पा!"

या जराकशांची बेरीज करून बघा. साडेचार किलोवर आणायच्या मांजराला दिवसाला साधारण 170 कॅलरी पुरतात. म्हशीच्या 100 मिलिलिटर दुधात 100 च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे आजीनंच निम्म्याहून जास्त कोटा सकाळी सातला संपवला. एका मारी बिस्किटात 25. तुमच्या 2000 कॅलरींच्या दिवसात तेवढाच वाटा काढला तर तीनशेच्या घरात जातो. त्यात मनीची नसबंदी झालेली, म्हणजे गरज पाव हिश्शानं कमी. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचतही नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं डोळे घरच्यांनी मिटलेत.

मग एक दिवस कुणाला तरी जाग येते आणि दुसऱ्या टोकाचा शहाणपणा सुरू होतो. "उद्यापासून मनीचा उपास." आपल्याकडे उपासाला फार मान. माणसाच्या उपासात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा चिवडा असल्यामुळे तो कुणालाच बाधत नाही. देशातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांनाही आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात. त्यांना तो चालतो, कारण जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही. मावशीचं शरीर वेगळं. मोकाट मांजर दिवसभरात आठ-दहा उंदीर थोडे थोडे करून खातं. आणि लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि जीवावर बेतू शकतं. तेव्हा चतुर्थी तुम्ही करा. मनीला मोजून द्या, चार-पाच वेळा विभागून द्या आणि उघडं वाडगं उचला.

मोजायचं म्हटलं की वजनकाटा आला. घरगुती युक्ती सोपी आहे: मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बहुतेक मोहिमा इथंच बारगळतात, कारण वजाबाकीसाठी दुसरा आकडा मोठ्यानं वाचावा लागतो. शिवाय आठवड्याला एक टक्का उतरणं हा चांगला वेग, म्हणजे सहा किलोच्या मनीचे 60 ग्रॅम. बाथरूममधल्या काट्याला ते दिसतही नाहीत. दीड किलो उतरवायला सहा-सात महिने लागतात. गणपतीत सुरुवात केली तर होळी उजाडेल, आणि मध्ये दिवाळी आहे.

गुटगुटीतपणाचं कौतुक फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात हिमी नावाचा बोका होता, वजन 21.3 किलो. त्याला हलवायला ढकलगाडी लागायची. 1986 मध्ये तो गेला, वय 10. पुढे गिनीजवाल्यांनी सर्वांत जाड मांजराचा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण लोक मुद्दाम भरवतील अशी भीती. इथं असता तर नगरसेवकानं त्याला शाल-श्रीफळ दिलं असतं आणि नारळ फोडून खोबरंही भरवलं असतं.

"पण ती म्हातारी झाली, शांत झाली," असं म्हणतात. शांत कसली, गुडघे दुखताहेत. 2002 मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, तर 90 जणांच्या सांध्यांत झीज निघाली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. नुसतं कपाटावर उडी मारायचं सोडून देतं. त्यावर दोन किलो चरबी लादली की तेही दिवाणावर चढायला मदत मागतं आणि आपण त्याला लाड म्हणतो. नवतप्यात तर बोलूच नका. पारा 45 वर गेला की कूलरसमोरून घरातलं कुणीच हलत नाही. मनीनंच का हलावं? खेळवायचं ते दिवेलागणीनंतर, दोरीला कागदाचा बोळा बांधून, पाच-पाच मिनिटं.

सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासून. 2000 पासून तर पशू आणि मत्स्य विज्ञानाचं अख्खं विद्यापीठ याच शहरात आहे. तरी सल्ला शेजारच्या काकूंचा. काकू म्हणतात, "काऊन उपाशी मारता त्या मुक्या जिवाले?" आणि कुंपणावरून चपातीचा तुकडा देतात, तूप लावून. पथ्याचा कागद घरात लावून उपयोग नाही, एक प्रत काकूंच्या फाटकावर लावा.

आणि एक. यातलं काहीच न करता म्हातारी मनी आपसूक बारीक व्हायला लागली, तर "बघा, कशी सडपातळ झाली" म्हणत फोटो टाकत बसू नका. भूक वाढलीय नाहीतर पाणी फार पितेय आणि वजन उतरतंय, तर थायरॉइड, मूत्रपिंड किंवा साखर, यांपैकी काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी टोपलीत घाला आणि डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासायला सांगा. आणि डॉक्टरांनी "खायला काय काय देता?" असं विचारलं, की आजींना आधी बोलू द्या.